संस्थेच्या जीमेलवरून देणगीदारांना खोटा अकाउंट नंबर गेला, आता कुठून सुरुवात करू?

ऊसफड_बीड

नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची पोरं मागे गावातच राहून शाळा शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालवतो. पगारी माणसं नऊ, कॉम्प्युटर पाच, त्यातले तीन अजून विंडोज १० वरच.

मार्चचा शेवट म्हणजे आमचा देणगीचा हंगाम, ८०जी म्हणजे देणगीवरच्या करसवलतीसाठी बरेच जण शेवटच्या आठवड्यातच पैसे पाठवतात. यंदा पुण्याच्या एक काकू, दरवर्षी न चुकता देतात, त्यांचा फोन आला की अगं ४०,००० टाकून आठ दिवस झाले, पावती कुठंय. आमच्या खात्यात एक रुपया नाही. त्यांनी तो मेल मला पाठवला तर आमच्याच पत्त्यावरून गेलेला, खाली माझंच नाव, आणि आत लिहिलेलं की ऑडिटमुळे जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, या नव्या खात्यात भरा. आमच्या सेंटमध्ये तो मेल नाहीच!! हातपाय गळाले माझे.

खरं सांगते, त्या जीमेलचा पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल, सगळ्यांना तोंडपाठ, सोडून गेलेल्या माणसांनाही. तो लगेच बदलला, पण अजून दोन देणगीदार म्हणतायत आम्ही उत्तर पाठवलं आणि आम्हाला ते दिसतच नाही.

तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे तो म्हणतो ६०,००० चा फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर पहारा ठेवणारा डबा, बसवा आणि पाचही मशीनवर भारीतला अँटीव्हायरस टाका. अध्यक्षकाका घाबरून तयार झालेत, पण हातात १५,००० आहेत, बाकीचे पोरांच्या धान्यातून काढावे लागतील. आणि त्याच ड्राइव्हमध्ये पोरांची यादी, आईबापाचे आधार, कोण कुठल्या कारखान्याला गेलंय, घरी मागे कोण आहे, सगळं पडलेलं आहे. मला पैशापेक्षा त्याचीच भीती वाटतेय. कुणी सांगेल का नक्की काय करू?

स्विच_आणि_वायर

ताई, पहिलं काम, त्या काकूंना आत्ता फोन करून सांगा की १९३० ला फोन लावा आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, त्यांच्या बँकेलाही कळवा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत म्हणजे तक्रार त्यांनीच करावी लागते, तुमची वेगळी. आठ दिवस म्हणजे उशीर झालाय, पहिल्या तासा-दोन तासांत पैसे अडकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, पण खात्यात काही शिल्लक असेल तर ती गोठवता येते, तेव्हा सोडू नका. खोटा मेल डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मेल तसाच राहू द्या.

आता उत्तरं का दिसत नाहीत ते. पासवर्ड बदलला की चोर बाहेर जातो असं वाटतं पण तो मागचं दार उघडं ठेवून गेलेला असतो. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, सेटिंगमध्ये फिल्टरचा टॅब बघा, मी पैजेवर सांगतो तिथे एखादा फिल्टर असेल की ज्या मेलमध्ये 'पावती', 'अकाउंट', 'बँक' असे शब्द आहेत तो वाचलेला दाखवून आर्काइव्ह करा किंवा थेट कचऱ्यात टाका. मग फॉरवर्डिंगचा टॅब बघा, दुसऱ्या कुणाचा पत्ता घातलाय का. मग रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल कुणाचे आहेत ते. मग कुठल्या बाहेरच्या ॲपला परवानगी दिलीये ते, पासवर्ड बदलला तरी काहींची तशीच राहू शकते. फिल्टर सापडला की काढायच्या आधी त्याचा फोटो घ्या, तक्रारीला लागेल.

फायरवॉल अजिबात घेऊ नका. त्या माणसाचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तुमच्याकडे चोर ऑफिसच्या वायरमधून आलेलाच नाही, कुठूनतरी बसून सरळ पासवर्ड टाकून आलाय. ६०,००० चा डबा हे थांबवू शकला नसता. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर तुमच्या कामाला पुरतो.

हिशेबनीस

मी दोनतीन ट्रस्टची ऑडिटची कामं बघतो म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. ताई, तुमच्या त्या जीमेल खात्यात देणगीदारांचे पॅन नंबर असणारच, कारण ३१ मे च्या आत १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचा देणग्यांचा तपशील, भरायला ते लागतात आणि लोक ते मेलवर किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवतात. म्हणजे नाव, पत्ता, पॅन, किती पैसे देतो, सगळं त्या चोराकडे आहे असं धरून चला. सगळ्या देणगीदारांना आजच कळवा. लपवू नका, संस्थेचं नाव खराब होईल ही भीती मला कळते, पण ज्याला उद्या तिसऱ्याकडून कळेल तो परत देणगी देणार नाही. मेलवर विश्वास उरला नसेल तर फोन करा, दोनशे असतील तर नऊ जणांत वाटून दोन दिवसांत होतात. सांगायचं एवढंच, आमचं खातं बदललेलं नाही आणि बदललं तर आम्ही फोन करून सांगू, नुसत्या मेलवर कधीच नाही.

आणि आयकर पोर्टल, नेट बँकिंग, एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीची नोंदणी असेल तर ते, या सगळ्यांचे ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातात ते एका कागदावर लिहून काढा. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत ओटीपी पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या खजिनदारांच्या नंबरवर जायचे, ते बिचारे चांगले म्हणून निभावलं. नंबर बदलायला बँक ठराव मागते, कार्यकारिणी बदलली असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या बदल अर्जाची प्रतही मागते, त्यात महिने जातात म्हणून आजच सुरू करा.

डोंगरकडेचा

सगळं बरोबर आहे पण मी पण गावातच काम करतो म्हणून विचारतो. आमच्याकडे पण एका सरांनी येऊन दोन पायऱ्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही टाकायचा, बसवून दिलं, सर गेले आणि तिसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून ओटीपी नाही, ज्याच्या फोनवर येतो तो वाडीवर, रिपोर्टची शेवटची तारीख, शेवटी सगळ्यांनी मिळून ते बंद करून टाकलं. शहरातल्या ऑफिसचे नियम इथे टिकत नाहीत हो. माणसं आठवडाभर पाळतात आणि मग परत एकच पासवर्ड भिंतीवर.

स्विच_आणि_वायर

दादा तुमचा मुद्दा खरा आहे आणि चूक त्या सरांची आहे, एसएमएस वर ठेवलं तर असंच होणार. ऑथेंटिकेटर ॲप वापरा, त्याला रेंज लागत नाही नेट लागत नाही, फोनमधलं घड्याळ बरोबर असलं की कोड तयार होतो. शिवाय गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून पाकिटात घालून तिजोरीत किंवा खजिनदारांच्या कपाटात ठेवायचे. पण मुळात अडचण अशी की एका खात्यात नऊ जण घुसतात म्हणून एकाच्या फोनवर सगळे अडतात. प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर प्रत्येकाचा कोड त्याच्याच फोनवर, कुणी कुणासाठी अडत नाही आणि माणूस सोडून गेला की त्याचं एकच खातं बंद करायचं.

ताई, याला फारसे पैसे लागत नाहीत. संस्थेच्या नावाने डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या, वर्षाला हजार-दीड हजार रुपये, आणि ते संस्थेच्या नावाने संस्थेच्या ईमेलवर घ्या, एखाद्या कार्यकर्त्याच्या भाच्याच्या नावाने नको. मग गूगलच्या नॉनप्रॉफिट योजनेत अर्ज करा, नोंदणी आणि १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) चे कागद स्कॅन करून तयार ठेवा, गुडस्टॅक नावाची कंपनी पडताळणी करते, मंजूर झालं की वर्कस्पेस, म्हणजे संस्थेच्या पत्त्यावरचं जीमेल आणि ड्राइव्ह, फुकट. शाळा किंवा हॉस्पिटल म्हणून नोंदणी असेल तर मात्र त्यात बसत नाही. मायक्रोसॉफ्टचंही आहे, बिझनेस बेसिक ३०० जणांपर्यंत संस्थांना फुकट. त्यांचे १० प्रीमियम लायसन्स फुकट मिळायचे ते २०२५ च्या जुलैपासून बंद झालेत, जुने लेख वाचून त्याच्या मागे लागू नका. पडताळणीला वेळ लागतो, तोवर आहे त्याच जीमेलला ऑथेंटिकेटर ॲप जोडा आणि ते खातं फक्त दोघींकडे ठेवा.

पोरांच्या यादीचं तुम्ही म्हणालात ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सर्व्हरमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरात कुणीतरी घुसलं आणि कळलं २०२२ च्या जानेवारीत, ५,१५,००० पेक्षा जास्त लोकांची माहिती, त्यात युद्धात घरच्यांपासून तुटलेली माणसं. एक अपडेट टाकायचं राहिलं होतं. तुमच्याकडे कुठल्या घरात पोरगी आजीसोबत एकटी आहे ही यादी आहे ताई, ती कुणाच्या हाती पडायला नको. आधारची प्रत खरंच लागते का ते एकदा बसून ठरवा, लागत नसेल तर पुसून टाका, जे ठेवलेलंच नाही ते चोरीला जात नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. दंडाचे आकडे कोटीत आहेत पण मी दंडासाठी सांगत नाहीये.

ऊसफड_बीड

सगळ्यांचे मनापासून आभार. फिल्टर सापडला!! 'पावती' आणि 'ट्रान्सफर' असे दोन शब्द, थेट कचऱ्यात. कचऱ्यातून अकरा उत्तरं निघाली, त्यातल्या दोघांनी पैसे भरले होते, एकाने कालच, त्यांनी लगेच १९३० ला लावला आणि त्यांचे २५,००० अडकलेत असं बँकेने सांगितलं. काकूंचं अजून काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, बाई तू रडू नकोस, पुढच्या महिन्यात परत देते, आणि मी फोन ठेवून खरंच रडले.

अध्यक्षकाकांना हा धागा वाचून दाखवला, फायरवॉल रद्द. कालपासून फोन सुरू केलेत, १४० झाले. आधारच्या प्रतींचं पण ठरलं, फक्त शिष्यवृत्तीला लागतात तेवढ्याच ठेवायच्या. पोरांचे फोटो आणि माहिती टाकायचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला, त्यात सोडून गेलेले चार जण अजून होते.

एक राहिलं, तीन मशीन विंडोज १० वर आहेत आणि ११ चढत नाही म्हणतो तो दुरुस्तीवाला. एकीवर हिशेबाचं टॅली आहे, दुसरीवर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली पंधरा वर्षांची कागदपत्रं, कुठल्याही मशीनवर उघडणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर असतो.

हिशेबनीस

पेनड्राइव्ह कायम मशीनलाच खोचलेला असतो का? असेल तर काढा. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर मशीनसोबत तोही लॉक होतो. दोन घ्या, एक आठवड्याला बदलून खजिनदारांच्या घरी. आणि महिन्यातून एकदा त्यातून टॅली उघडून बघा, बॅकअप घेतलाय आणि उघडत नाही हे मी मार्चमध्येच दोन ठिकाणी पाहिलंय.

स्विच_आणि_वायर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. १५,००० त्यावर घाला, टॅलीसाठी ११ चालणारी एक वापरलेली मशीन, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर बघून. श्रीलिपीचं मशीन नेटपासून तोडा, कागदपत्रं हळूहळू युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ पण काढून ठेवा. तिसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, ब्राउझर आणि मराठी टायपिंग नीट चालतं. मी अंबाजोगाईला महिन्यातून एकदा येतो, टाकून देईन, पैसे नको. तुमच्याकडच्या एखाद्या मोठ्या पोराला शेजारी बसवा म्हणजे पुढच्या वेळी त्याला करता येईल.

ऊसफड_बीड

दहावीची एक मुलगी आहे, तिला सांगितलंय. कधी येताय तेवढं कळवा दादा.