विपश्यना शिबिर करून आलेय, आता निसर्गदत्त महाराजांचं वाचतेय, दोन्ही एकत्र चालेल का?

ठाणेकर_साधिका:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, मौन, संध्याकाळचे चहा-मुरमुरे, रात्री विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, सगळं अंगवळणी पडलं होतं, पण घरी आल्यापासून सकाळ-संध्याकाळ तास तास बसणं काही होत नाही आणि बसलं तरी शांत वाटायच्या ऐवजी चिडचिडच जास्त होते. उजवा गुडघा ठणकायला लागला की सगळं लक्ष तिथेच. त्यात सध्या मुंबईत होऊन गेलेले अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज यांचं वाचतेय, ‘मी आहे’ या जाणिवेत राहा म्हणतात ते फार जवळचं वाटतंय. अर्धा तास हे, अर्धा तास ते असं केलं तर चालेल का? साक्षीभाव, म्हणजे जे होतंय ते नुसतं बघत राहणं, शेवटी एकच ना?

नाशिकचा_जुना_साधक:
ताई, शांत वाटलं की नाही यावर बैठक मोजूच नका. पहिले तीन दिवस आनापान कशासाठी, तर नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघून मन सूक्ष्म व्हावं म्हणून, आणि चौथ्या दिवसापासून तेच मन डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, खाज, ऊब, ठणका, मुंग्या जे सापडेल ते बदलतंय एवढं जाणायचं, बास. गुडघ्याचंच घ्या. ती कळ नीट बघितली तर सलग नसते, ठोके पडतात, मध्येच विरते, कधी वाटीच्या आतल्या बाजूला असते तर कधी पोटरीकडे उतरते. आणि ‘कधी एकदा तास संपतोय’ हे त्या कळेत नसतंच, ते मनाने वरून घातलेलं असतं. कळ वेगळी आणि तिच्यावरचा राग वेगळा हे एकदा जरी दिसलं तरी बैठक सार्थकी लागली. मन फारच उसळत असेल तर आधी थोडं आनापान करा, शिबिरातही तसंच सांगतात.

मिसळण्याबद्दल माझं स्पष्ट मत, नको. गुरुजी १९६९ ला ब्रह्मदेशातून आले तेव्हापासून हाच आग्रह धरून होते, एक विधी धरा आणि त्याला पूर्ण संधी द्या. घरी एकट्याने जमत नसेल तर जवळपास सामूहिक साधना कुठे होते ते शोधा. शिवाय तुम्हाला गोराईचा पॅगोडा जवळ आहे, तिथे जुन्या साधकांसाठी, म्हणजे दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी, एकदिवसीय शिबिरं होतात, जाऊन या, बैठक परत बसते.

खेतवाडीचा_वाचक:
महाराजांबद्दल मी लिहितो कारण आमच्या घरात दोन पिढ्या तेच आहे. ते बिडीचं दुकान चालवणारे गृहस्थ, १९३३ च्या सुमारास सिद्धरामेश्वर महाराज भेटले, त्यांनी सांगितलं तू देह नाहीस, ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, आणि यांनी गुरूच्या शब्दावर विश्वास टाकून तेच केलं. १९७३ ला मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि खेतवाडीच्या त्या लहानशा माळ्यावर परदेशी लोकांची रीघ लागली. पण त्या पुस्तकावरून खूप जणांना वाटतं की नुसतं समजून घेतलं की झालं. तसं नाहीये हो! तिथे रोज भजन व्हायचं, नाममंत्र दिला जायचा, संप्रदायात दासबोधाचं वाचन आजही असतं.

आता साक्षीभाव एकच का, तर मला तसं वाटत नाही. विपश्यनेत संवेदना बघायची, ती अनित्य आहे हे अनुभवायचं. महाराज संवेदनेवर थांबू देत नाहीत, ही कळ कोणाला कळतेय तिकडे वळवतात आणि पुढे जाऊन ‘मी आहे’ ही जाणीवसुद्धा येणारी-जाणारी आहे म्हणतात. रोख वेगळा आहे. म्हणून नाशिकच्या दादांशी सहमत, एका बैठकीत दोन्ही नको. वाचायला मात्र काहीच हरकत नाही, दुपारी निवांत दोन पानं वाचा आणि भांडी घासताना, लोकलमध्ये, ‘मी आहे’ एवढंच आठवत राहा, त्याला मांडी घालून बसावं लागत नाही.

समुपदेशक_पुणे:
एक सांगावंसं वाटतं. चिडचिडीबरोबर झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल किंवा फार उदास वाटत असेल तर तासाचा हट्ट सोडा आणि डॉक्टरांना भेटा. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर त्या कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. शिबिराच्या अर्जातही हे विचारतात, ते खरं खरं लिहायचं.

ठाणेकर_साधिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. झोप व्यवस्थित आहे, गोळ्या वगैरे काही नाहीत. सकाळची बैठक फक्त विपश्यनेची ठेवते, महाराज दुपारी. गुडघ्यासाठी खुर्चीवर बसलं तर चालेल का?

नाशिकचा_जुना_साधक:
चालेल की, गरज असेल त्यांना शिबिरातही खुर्ची देतात. पाठ-मान सरळ ठेवा, शक्यतो टेकू नका. आणि कळ बसून उठल्यावरही राहात असेल तर गुडघा एकदा दाखवून घ्या.