मदत हवी आहे: पत्र्याची फटफट बोट कोणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. टीव्हीवर जुन्या खेळण्यांची उलटी मोजणी लागते ना, विसाव्यापासून पहिल्या नंबरापर्यंत, तशीच आमच्या वाडीतली मुलं यंदा गणपतीत पडद्यावर करणार आहेत. चाकरमानी आले की मतं घेऊन क्रम लावायचा. १९७४ साली एर्नो रुबिकने बनवलेला तो रंगीत क्यूब मिळाला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली आणि १२० पानांची दशावतारी गंजिफाही (जुना गोल पत्त्यांचा खेळ) मिळाली. माडाच्या पातीची पिपाणी आजी वळून देणार.

अडलंय ते फटफट बोटीपाशी. माझ्या मते पहिला नंबर तिचाच! वात पेटवली की आतल्या पातळ डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती मागच्या नळ्यांतून पाणी बाहेर ढकलते, वाफ निवली की पाणी परत आत. असं फटफट करत बोट घंगाळभर फिरते. आमच्याकडे एक आहे, पण नळीचा सांधा गळतोय.

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले भागात इतक्या बारीक नळीला डाख लावून देणारं कोणी आहे का? आंगणेवाडीच्या जत्रेत अशी बोट अलीकडे कोणी पाहिलीय? चालू बोट दोन दिवसांसाठी दिलीत तरी चालेल, जपून परत आणून देऊ.