खोतीगावच्या जंगलात ग्रॅव्हल बाइक: ट्यूब चालेल का, हवा किती, शिरायचं कुठून?

मडगावची_चाकं

ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल) हल्लीच घेतली आहे. ॲल्युमिनियम फ्रेम, केबलवाले डिस्क ब्रेक, गिअरचे दाते पुढे ४६/३०, मागे ११-३४. टायर ३८ मिमी, सध्या ट्यूबवर. टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ (ट्यूबशिवायही चालेल असा) लिहिलंय आणि रिमला टेप आहे. माझं वजन ६८ किलो. दिवाळीनंतर दक्षिण गोव्यातल्या खोतीगाव अभयारण्यात, गाड्यांची कटकट नसेल असे चाळीसेक किलोमीटर करायचे आहेत. रस्ता कुठला धरू, परवानगी लागते का, आणि ट्यूब काढून टाकू का? कुळे-दूधसागर वाटही कोणीतरी सुचवली होती.

काणकोणकार

ताई, दूधसागरची वाट आधी बाद करा. मोसमात कुळ्याहून पर्यटकांच्या जीपगाड्या त्याच वाटेने जातात, ओढे ओलांडावे लागतात, आणि जीपच्या मागची लाल धूळ तासभर खाली बसत नाही. शांतता हवी असेल तर ती जागा नव्हे.

खोतीगाव बरोबर निवडलंत. पण मडगावहून सायकलवर निघू नका. वाटेतला करमल घाट अरुंद, वळणं आंधळी. ज्या गाड्या टाळायच्या त्याच तिथे अंगावर येतात. सायकल गाडीवर टाकून काणकोणच्या चावडी गावापर्यंत आणा, तिथून पैंगीणच्या अंगाने जाणारा जुना हमरस्ता धरा. माशेंकडे जाणारा बगलरस्ता २०१९ ला सुरू झाला, त्यावरून गेलात तर अभयारण्याचा फाटाच चुकेल. हत्तीपावलला वळलात की वनखात्याचं फाटक. तिथे नोंद करून, तिकीट काढूनच आत.

आतला मुख्य रस्ता डांबरी आहे. कुस्केपर्यंत गावं जोडत जातो. गावकऱ्यांच्या दुचाक्या सोडल्या तर वर्दळ नाहीच म्हणा. मातीच्या वाटा त्याला फुटतात. घोळ इथेच होतो: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याला सूट आहे, आडवाटांना नाही. म्हणून कुठल्या वाटेवर सायकल चालेल ते फाटकावरच्या वनरक्षकाला विचारून घ्या, आणि नको म्हणाले तर नको. मोबाइलला आत रेंज धरून चालू नका. नकाशा घरीच उतरवून घ्या.

किलोमीटरच्या आकड्यामागे लागू नका. मातीवरचे २० डांबरावरच्या ४० इतके पाय काढतात.

साखळी_पंक्चर

टायरचं मी सांगतो, कारण सगळं गणित तिथेच आहे.

आपल्याकडची मातीची वाट म्हणजे खाली घट्ट जांभा आणि वर सुटे खडे. सरळ जाताना काही वाटत नाही, वळणावर मात्र गोट्यांवर पाय ठेवल्यासारखं पुढचं चाक निसटतं. वेग वळणाच्या आधीच कमी करा. वळणात पुढच्या ब्रेकला हात नको, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि भार त्याच पेडलवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागवान आणि किंदळीची पानं गळून चाकोरी झाकली जाते. पानांखाली खड्डा आहे असं धरूनच चालवा.

६८ किलोला, ३८ मिमी टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे ३८, मागे ४२ पीएसआयने सुरुवात करा. चाक उडत असेल तर दोन-दोनने उतरवा. ३४ च्या खाली जाऊ नका: दगडावर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर तो काटा समजायचा, हवेचा दोष नाही. ट्यूबलेस केलंत तर पुढे ३०, मागे ३३ वर सुरुवात करून तसंच जुळवत जा. करवंदीच्या काट्याचं भोक सीलंट (टायरमध्ये ओतायचं, भोक बुजवणारं पातळ रसायन) सहज बुजवतं, वाळक्या बांबूच्या कपटीने पडलेली लांबट चीर मात्र नाही.

करायची रीत अशी. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी जास्त रुंद आहे ना ते बघा; आरीच्या भोकांकडची कड उचललेली असेल तर बदला. आधी ट्यूब घालूनच टायर चढवा, हवा भरून रात्रभर ठेवा. टेप दाबून बसते आणि टायरच्या दोन्ही कडा रिमवर बसतात. सकाळी एकच कड सोडवून ट्यूब काढा, व्हॉल्व्ह बसवा, ६० मिली सीलंट ओता, कडेला साबणपाणी लावा. व्हॉल्व्हचा गाभा (आतला सुटा होणारा भाग) काढून एकदम हवा मारा. कड बसली की टक टक आवाज येतो. साध्या पंपाने नाही बसली तर व्हॉल्व्हला ॲडॅप्टर लावून पेट्रोल पंपावरची हवा घ्या. तिथला माणूस गाडीच्या हिशेबाने भरतो, म्हणून टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा त्याला आधी सांगा. मग गाभा परत घालून हवा भरा, चाक फिरवा आणि दोन्ही कुशींवर पंधरा-पंधरा मिनिटं आडवं ठेवा. आरीच्या भोकातून सीलंट पाझरलं तर टेप गेली, पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या उष्म्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं. गाभा काढून व्हॉल्व्हमधून प्लास्टिकची पट्टी घालून बघायचं. कोरडी आली तर ३० मिली आणखी.

मडगावची_चाकं

बाब, इतकं सविस्तर सांगितलंत, उपकार झाले. दोन गोष्टी राहिल्या. गवे भेटले तर काय करायचं? आणि माकडतापाचं घरचे सारखं बोलतात.

वाळपई_कडचा

गवा दिसला की थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा. घंटा वाजवायची नाही, ‘हो हो’ करून हाकलायचं नाही. कळप रस्ता ओलांडतो आणि जातो. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा, वाट देत नसेल तर मागे फिरा. पहाटे आणि सांजेला ते रस्त्यावर येतात, म्हणून ऊन चढल्यावर आत जा आणि चारच्या आत फाटकाबाहेर पडा.

माकडताप गोचिडीमुळे होतो. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून रुग्ण सापडले आहेत, जोर कोरड्या महिन्यांत. पाचोळ्यात बसू नका, सायकल पाचोळ्यात आडवी टाकू नका. लांब मोजे, त्यावर गोचीड पळवणारं तेल. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप चढतो. डॉक्टरला जंगलात गेल्याचं सांगा, नाहीतर ते डेंग्यूच शोधत बसतील.

फोंड्याचा_मिस्त्री

साखळीकरांचं सगळं पटतं, फक्त पहिल्याच फेरीला ट्यूबलेस करू नका. गडबड झाली तर जंगलात निस्तरता यायला हवी, आणि ट्यूब बदलणं हाताला बसलेलं असतं. ट्यूबवर जा, ३८/४२ ठेवा, दोन ट्यूब न्या. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा तेच. बरोबर पंप, दोन टायर लिव्हर, तुटलेली साखळी सांधायला तिच्या स्पीडप्रमाणे जोडकडी आणि जादा गिअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा) हवाच. सायकल उजव्या कुशीवर पडली की आधी हँगर वाकतो, मग मागचा गिअर आरीत जातो.

३०-३४ चा गिअर चढाला पुरेसा आहे, त्यावर खर्च नको. ब्रेककडे बघा. केबलच्या ब्रेकमध्ये पॅड झिजतात तसा ब्रेकचा लिव्हर सैल होतो. निघण्याआधी अॅडजस्टरने ओढून घ्या. पॅडचा मसाला १ मिमीच्या खाली असेल तर बदला. ओल्या लाल चिखलात रेझिन पॅड लवकर खपतात, मेटलचे टिकतात, पण डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असेल तर मेटलचे घालायचे नाहीत, डिस्क खातात.

साखळीला दिवाळीनंतर मेण किंवा कोरडं तेल. पावसाळ्यातलं चिकट तेल राहिलं असेल तर ते डिग्रीझरने पूर्ण काढा. त्यात जांभ्याची धूळ मिसळली की घासणीचा लेप तयार होतो. धुताना प्रेशर पंप नको, बेअरिंगमधलं ग्रीस निघतं. बादली, ब्रश, फडकं बस्स.