मदत हवी आहे: "शी बोल्ड" की "शी वॉज बोल्ड"? क्रिकेटमधून इंग्रजी शिकवताना अडले आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. दोन्ही वर्ग एकत्र बसतात, पट १९, त्यात ११ मुली. मुलांचं इंग्रजी पहिलीपासून आहे, शब्द बरेच येतात, पण वाक्य करायला सांगितलं की वर्ग गप्प होतो.

२०२५ च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मुलींच्या तोंडी एकच विषय होता, २ नोव्हेंबरचा नवी मुंबईतला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. आपण ५२ धावांनी जिंकलो होतो. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दक्षिण आफ्रिकेचा धावफलक लिहिला. मराठी पेपरात "झे. अमनज्योत गो. दीप्ती" असं छापतात. मी ते इंग्रजी पद्धतीने लिहिलं: वोल्वार्ट, सी अमनज्योत, बी दीप्ती, १०१. सातवीतली एक मुलगी लगेच उभी राहिली, "बाई, ही झेल देऊन गेली की बोल्ड झाली? दोन्ही एकदम कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्या "गो." मध्ये गोलंदाज आहे, म्हणून मराठीत घोटाळा होत नाही. इंग्रजीतला "बी" म्हणजे बोल्ड, आणि आपल्याकडे बोल्ड म्हणजे दांड्या उडालेल्या. मग पूर्ण वाक्य लिहून दाखवलं: "वोल्वार्ट वॉज कॉट बाय अमनज्योत." चेंडू दीप्तीने टाकला होता, एवढंच ते "बी" सांगतं.

तिथून "वॉज"चा तास सुरू झाला. "दीप्ती बोल्ड" म्हणजे दीप्तीने गोलंदाजी केली. "दीप्ती वॉज बोल्ड" म्हणजे दीप्तीचा त्रिफळा उडाला. मुलांना अंगणात नेलं, तीन काठ्या रोवल्या. एकीच्या हातात चेंडू, दुसरीच्या हातात बॅट. मी पहिलीचं नाव घेऊन नुसतं "बोल्ड" म्हटलं की ती जागेवरच राहणार, "वॉज बोल्ड" म्हटलं की धावत जाऊन बॅट घेणार आणि दुसरी चेंडू. दहा मिनिटांत सगळ्यांचे कान "वॉज"साठी टवकारले. कर्मणी प्रयोग असा पळत शिकलेला मी आजवर पाहिला नव्हता.

हुरूप आला म्हणून क्रिकेटच्या नियमांतली वाक्यं आणली. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) मूळ इंग्रजी मजकुरातली, थोडी छाटून. ३१व्या नियमात म्हटलंय की क्षेत्ररक्षकाने अपील केल्याशिवाय पंच बाद देणार नाहीत. तिथला "अनलेस" म्हणजे आपलं "केल्याशिवाय", हे मुलांना सांगावंही लागलं नाही. अपील करताना ओरडतात तो "हाउज दॅट" हा "हाउ इज दॅट" असा नीट प्रश्न आहे, त्यात एक "इज" लपलाय, हे कळल्यावर तर सगळा वर्ग तो "इज" वेगळा काढून ओरडायला लागला. जुन्या पुस्तकात "बॅट्समन" होतं ते आता "बॅटर" का, हेही विचारून झालं. एमसीसीने २०२१ च्या सप्टेंबरात नियमांतला तो शब्द बदलला, हे ऐकून मुली खूश झाल्या.

आता माझी अडचण. मी घाईत एक सूत्र दिलं: मराठीत "झाला-झाली" आलं की इंग्रजीत "वॉज". "बोल्ड झाली", "स्टंप झाली", "रन आउट झाली", सगळीकडे चाललं. मग शाळेतल्या सामन्यावर पाच ओळी लिहायला दिल्या. वह्यांत आलं: "देन रेन वॉज हॅपन्ड." कारण पाऊस झाला. एकाने लिहिलं, "माय ग्रँडफादर वॉज रिटायर्ड इन २०१९," कारण आजोबा रिटायर झाले. चूक मुलांची नाही, सूत्र माझं आहे. ते काढून टाकू तर मुलांच्या हातात दुसरं काय देऊ?

दुसरा प्रश्न. झेलाच्या नियमात, ३३व्या, "बिफोर इट टचेस द ग्राउंड" असं आहे. झेल घेऊन झाला, खेळाडू बाद झाला, मग "टचेस" वर्तमानकाळात का, असं एकाने विचारलं. मला समाधानकारक सांगता आलं नाही. आणि या वयाच्या मुलांना नियमांची मूळ भाषा द्यावी की नाही? त्याच वाक्यात "विदाउट हॅविंग प्रिव्हियसली बीन" असलंही आहे.

ज्यांनी खेळातून भाषा शिकवली आहे त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

बाई, मी शिक्षक नाही, गावोगावच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. आमचं कामच "कोणी केलं" हे बघायचं आहे, म्हणून सुचवतो. "झाला" ऐकलं की मुलांनी विचारायचं, कोणी केलं? बोल्ड झाली, कोणी केलं? गोलंदाजाने. स्टंप झाली? यष्टिरक्षकाने. रन आउट झाली? नियमात क्षेत्ररक्षकाच्या कृतीने असं लिहिलेलंच आहे. कोणाचं तरी नाव आलं की "वॉज". पाऊस झाला, कोणी केला? कोणीच नाही, तो पडला. तिथे "वॉज" नाही. जखमी होऊन खेळाडू स्वतः बाहेर जातो तेव्हा "शी रिटायर्ड हर्ट". तिला कोणी घालवत नाही, ती जाते. आजोबाही तसेच.

एक जागा मात्र आधीच सांगून ठेवा. हिट विकेट, म्हणजे फलंदाजाकडूनच स्वतःच्या दांड्या पडणं. तिथे करणारी तीच आणि बाद होणारी तीच. "शी हिट हर विकेट," इथे "वॉज" नाही. पण पुढे "शी वॉज आउट" येईल आणि मुलं म्हणतील, हा "वॉज" कुठून आला? हा वेगळा "वॉज" आहे, "ती बाद होती" मधला "होती". दोन्ही एका दिवशी शिकवू नका.

प्रतिसाद २

"टचेस"बद्दल. नियम कोणत्याही एका झेलाची गोष्ट सांगत नाही. काल झाला, उद्या होईल, वाडीवर होईल, लॉर्ड्सवर होईल, सगळ्या झेलांना तो लागू आहे. "सूर्य पूर्वेला उगवतो" मधला जो "उगवतो" तोच हा "टचेस". मराठीत आपण "जमिनीला टेकण्याआधी" म्हणून मोकळे होतो, त्या रूपाला काळच नाही, म्हणून मुलाला ते खटकलं. त्याच्याकडून कालचा झेल लिहून घ्या, तिथे तोच आपसूक "बिफोर इट टच्ड" लिहील. मी एकच चेंडू चार वेळा सांगायला लावते: नियम म्हणून, कॉमेंट्री म्हणून, दुसऱ्या दिवशीची बातमी म्हणून आणि टाकण्याआधी कर्णधाराने आखलेला बेत म्हणून. काळ बदलतात, शब्द तेच राहतात, त्यामुळे मुलांची दमछाक होत नाही.

मूळ भाषा द्या, पण एका वेळी एकच तुकडा. "विदाउट हॅविंग प्रिव्हियसली बीन" सरळ वगळा, ती नियमातली एक अट आहे, पण मुलांना आत्ता तिची गरज नाही.

सगळ्या मुलांना क्रिकेट आवडेल असंही नाही. कबड्डीत "शी टच्ड टू, बट शी वॉज कॉट" हे पहिल्याच चढाईत मिळतं, आणि आपला "लोण" तिथल्या इंग्रजी नियमांत "लोना" होऊन बसलाय, हे मुलांना दाखवाच. फुटबॉलच्या १२व्या नियमात फाउलच्या तीन पायऱ्या आहेत. केअरलेस, म्हणजे बेपर्वाईने: कार्ड नाही. रेकलेस, म्हणजे समोरच्याला धोका आहे याचा विचारच न करता: पिवळं कार्ड. एक्सेसिव्ह फोर्स, गरजेपेक्षा जास्त ताकद लावून: लाल. नुसता अर्थ पाठ करून केअरलेस आणि रेकलेस यांतला फरक माझ्या वर्गाला वर्षभर कळला नव्हता. कार्डं हातात दिली आणि त्याच तासात कळला.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी "कोणी केलं?" फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि जुन्या वह्या मुलांना परत दिल्या. चुका त्यांनीच शोधल्या. "रेन वॉज हॅपन्ड"वाल्या मुलीने "हॅपन्ड"ही खोडलं आणि "इट रेन्ड" लिहिलं. मी ते शिकवलेलं नव्हतं, पहिलीच्या कवितेतलं तिला आठवलं होतं. अंतिम सामन्यातल्या दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिट्सच्या धावबादवर "शी वॉज रन आउट बाय अमनज्योत" हे वाक्य १९ पैकी १६ जणांनी न विचारता बरोबर लिहिलं. ज्या तिघांचं चुकलं त्यांचा "रन" चा "रॅन" झाला होता. तो पुढच्या आठवड्यात बघते.

पण शेवटी नवीनच अडचण आली. मधल्या सुट्टीत चेंडू शेजारच्या उसात गेला तो सापडलाच नाही. मुलांनी वाक्य केलं, "द बॉल लॉस्ट." मी "द बॉल वॉज लॉस्ट" असं दुरुस्त केलं. तर सगळी मुलं फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, पण कोणी केलं? कोणीच नाही, हरवला तो!"

"हरवला" मध्ये करणारा दिसत नाही, तरी "वॉज" लागतो. पंचदादा, ताई, याला काय सांगू? सोमवारी मुलं पुन्हा विचारणार आहेत.