चर्चतर्फे परदेशी गेलेल्या तरुणांनो, तुमचे अनुभव लिहा

ऑगस्ट 2027 मध्ये दक्षिण कोरियात, सोलला जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा पोपसोबतचा मेळावा आहे. आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली मुलं आत्तापासून पैसे साठवतायत. माहितीपत्रकं त्यांना ढीगभर मिळतील. मला त्यांच्यासाठी जाऊन आलेल्यांचे अनुभव हवेत. यात्रा, सेवा, कशासाठीही गेला असाल, लिहा. सुरुवात मी करते.

2023 मध्ये हा मेळावा पोर्तुगालला, लिस्बनमध्ये होता. त्याआधी आमचा गट पाच दिवस ब्रागाजवळ घराघरांत राहिला. मी नि माझी मैत्रीण एका आजींकडे. त्यांना इंग्रजी येईना, आम्हाला पोर्तुगीज. पहिल्या रात्री त्यांनी सूपमधला तुकडा चमच्यात धरून सांगितलं, "बताता." "बटाटा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. मग जेवण राहिलं बाजूला. मेज म्हणजे मेझा, साबण म्हणजे साबाओ, पाव तर पावच! 1534 ते 1739 वसई पोर्तुगिजांकडे होती, हे शाळेत पाठ केलेलं. कानांना ते आजींच्या स्वयंपाकघरात कळलं. निघायच्या सकाळी आमचे सगळे कपडे इस्त्री करून ठेवलेले होते, पायमोजेसुद्धा. पुढे 6 ऑगस्टला नदीकाठी पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, सुमारे 15 लाख माणसं होती. तो दिवस मोठाच. पण डोळे भरून येतात ते त्या पायमोज्यांनी.

— निर्मळ, वसई

मी त्याच लिस्बनच्या गटातला, पण न गेलेला. आमच्या तिघांचा व्हिसा नाकारला. कारण एका ओळीचं, भरलेले पैसे बुडाले, आणि घरी आईला सांगताना फार लागलं. शेवटची मिस्सा तिथे सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे रविवारी दुपारी दीडला. फादरांनी सभागृह उघडून दिलं, आम्ही तिघांनी पडदा लावून त्यावर ती मिस्सा दाखवली. बघता बघता शेजारपाजारचे चाळीसेक जण जमले. सोलसाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे. मुलांनो, कागदपत्रं फार आधी तयार ठेवा.

— नालासोपारा

आम्ही आमच्या चर्चच्या तरुण संघातर्फे 2016 च्या मे महिन्यात नेपाळला, गोरखा जिल्ह्यात गेलो. एप्रिल 2015 च्या भूकंपात पडलेली शाळेची भिंत बांधायची होती. पाळकांनी निघतानाच बजावलेलं, धर्मप्रचाराची पत्रकं न्यायची नाहीत. तिथल्या घटनेनुसार कुणाचं धर्मांतर घडवणं गुन्हा आहे. पहिल्या दिवशी आम्ही रचलेला भाग गवंडीदादांनी संध्याकाळी उतरवला नि स्वतः परत रचला. वाईट वाटलं. भिंत मुलांच्या डोक्याशेजारी उभी राहणार होती, त्यांचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फक्त दगड वाहिले. तिकडे सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. बाहेर चपलांची रांग, आत सतरंजीवर मांडी घालून सगळे. शेवटच्या शनिवारी गवंडीदादांनी मला ओढून आपल्याशेजारी बसवलं.

— नगर

सोलहून जमलं तर नागासाकीला जाऊन या. आपला वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला तिथेच, निशिझाका टेकडीवर हुतात्मा झाला. आता तिथे 26 हुतात्म्यांच्या ब्राँझच्या आकृती एका रांगेत आहेत. मला आपला कुठला ते ओळखता येईना. एका वयस्क बाईंना विचारलं. त्यांनी विचारलं, कुठून आलीस? म्हटलं, त्याच्याच गावची. त्यांनी माझा हात धरला आणि त्याच्यासमोर नेऊन उभं केलं.

— वसई, सध्या ओसाका