बफर मोठा झाला म्हणून नव्हे, पटीत बसला म्हणून चालला
भाऊ, सावद्याच्या केळी गोडाऊनमधला यूएसबी वजनकाटा लिनक्सवर मधूनच उणे ७५ एरर (ओव्हरफ्लो, म्हणजे आलेला डेटा जागेत मावला नाही) द्यायचा आणि ड्रायव्हरमधला ६४ बाइटचा बफर (आलेला डेटा ठेवायची जागा) ४०९६ केल्यावर एरर थांबला, असं तुम्ही लिहिलंय. थांबणारच. पण बफर मोठा झाला म्हणून नाही, ४०९६ ला ५१२ ने पूर्ण भाग जातो म्हणून. हायस्पीड यूएसबीच्या बल्क एंडपॉइंटचं (उपकरणातून डेटा येण्याच्या वाटेचं) पूर्ण पॅकेट ५१२ बाइटचं असतं. बफर १००० ठेवून बघा: पहिलं पॅकेट मावेल, उरलेल्या ४८८ मध्ये दुसरं भरलेलं आलं की परत तोच ओव्हरफ्लो. आकडा हाताने लिहूच नका. प्रोबमध्ये (काटा जोडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) एंडपॉइंट डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे उपकरण स्वतःची माहिती देतं त्यातून, मॅक्स पॅकेट साइझ घ्या, त्याच्या पटीत केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) बफर घ्या.

खरी खोड पुढे आहे. असा बफर घेताना ठरलेल्या लांबीचा ॲरे काढून पॉइंटर (नुसता मेमरीचा पत्ता) केला की लांबीसाठी लिहिलेलं जुनं साइझऑफ ६४ बिटवर बफरची लांबी न देता पत्त्याचीच, म्हणजे गुपचूप ८ देतं आणि कंपायलर बहुतेक वेळा हूं की चूं करत नाही. लांबी वेगळी साठवा. कॉलबॅकमध्येही (डेटा आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ॲक्च्युअल लेंग्थपुरतंच, म्हणजे खरोखर आले तेवढेच बाइट वाचा, नाहीतर मागच्या घडाच्या वजनाचं शेपूट पुढच्याला चिकटेल आणि व्यापारी तुम्हालाच काट्यावर चढवेल.

पॅच (हा बदल) कर्नलवाल्यांना पाठवताना स्टेबलला, म्हणजे जुन्या कर्नलमध्ये दुरुस्त्या घालणाऱ्या यादीला, सीसी टाका, गोडाऊनमधली मशीनं जुन्याच कर्नलवर असतात.