सिकलसेलची जनुकीय माहिती सुरक्षित द्यायची आहे: प्रस्तावात खर्च कशाकशाचा धरायचा?

धानोरा, गडचिरोली:
सिकलसेल तपासणीचे एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी) अहवाल आणि काही रुग्णांच्या जनुकक्रमाच्या फायली नागपूरच्या संशोधन गटाला द्यायच्या आहेत. निधीच्या प्रस्तावात सर्व्हर आणि सॉफ्टवेअर धरलं. आणखी काय लागेल?

वर्धेकर:
भाऊ, सर्व्हर आधी खोडा. एचपीएलसीचा निकाल काही केबीचा. पूर्ण जनुकक्रमाची ३० पट वाचनाची (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेली) बीएएम फाइल, म्हणजे वाचलेला जनुकक्रम साठवणारी फाइल, मात्र १०० जीबीच्या घरात जाते, तालुक्याच्या नेटवर ती अर्ध्यात तुटते. एन्क्रिप्ट केलेल्या (चावीशिवाय न वाचता येणाऱ्या) हार्ड डिस्कवर पाठवा, चावी दुसऱ्या माणसाकडे द्या, पोचल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवा. चावीची एक प्रत सीलबंद ठेवाच. हरवली तर फाइल कायमची गेली. खरा पैसा डेटा सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला मागा, तोही प्रकल्प संपल्यावरच्या काळासकट. प्रस्तावात नेमकं हेच राहून जातं.

मेळघाट:
नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही. छोट्या टोल्यावर 'मुलगी, वय १४, एसएस' (म्हणजे सिकलसेलची रुग्ण) एवढ्यावरून अख्खं गाव ओळखतं, आणि नुसतं 'एएस' (म्हणजे फक्त वाहक) कळलं तरी सोयरीक मोडते. म्हणून गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट, तक्त्यात ५ पेक्षा कमी माणसांचा आकडा गाळायचा. संमती गोंडीत, माडियात समजावून घ्या. दुभाष्याचं मानधन धरा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

धानोरा, गडचिरोली:
संमती मागे घेतली तर?

वर्धेकर:
प्रत्येक नमुन्याला सांकेतिक क्रमांक द्या, नावांची यादी तुमच्याकडेच ठेवा. क्रमांक कळवला की तिकडची नोंद पुसायची, ही अट करारातच घाला.